बालवयातील लठ्ठपणा आणि समाजाची नजर

प्रास्ताविक

मूल सहा महिन्यांचे झाले की घरी येणारा पाहुणा आधी त्याच्या अंगावरचे बाळसे पाहतो. गाल वर आलेले असतील, मनगटाला वळ्या पडल्या असतील, तर आईचे कौतुक होते आणि दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली जाते. 'गुटगुटीत' हा शब्द मराठीत आजही प्रशंसेचा आहे. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा गावोगाव भरत आल्या आहेत. मोठ्या माणसाबाबतही 'तब्येत सुधारली' याचा अर्थ बहुधा वजन वाढले असाच असतो, आणि उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या घरांत 'सेहत बन गई' म्हणतात तेव्हाही तेच अभिप्रेत असते. हेच मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की मात्र भाषा पालटते. जाड्या, ढोल्या, ढब्बू, भोपळा ही नावे त्याला शाळेत मिळतात, आणि पुष्कळदा ती शाळेच्या आधी घरातच मिळालेली असतात. मुलीला 'टुनटुन' म्हणतात. या नावामागे एक खरी कलावती होती. उमादेवी खत्री यांनी 'दर्द' (१९४७) या चित्रपटातून गायिका म्हणून नाव मिळविले. पुढे 'बाबुल' (१९५०) पासून त्या टुनटुन या नावाने विनोदी भूमिका करू लागल्या. आज त्यांचे गाणे जाणणारे थोडे, पण त्यांचे नाव टोमणा म्हणून वापरणारे पुष्कळ, अशी स्थिती आहे.

कौतुक आणि कुचेष्टा या दोन टोकांच्या गोष्टी वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही वेळा शरीर हे वागणुकीचे प्रमाणपत्र म्हणून वाचले जाते. बाळाचे बाळसे म्हणजे घर खात्यापित्याचे आणि आई दक्ष. बारा वर्षांच्या मुलाचा लठ्ठपणा म्हणजे मूल हावरट, आळशी आणि आईबाप ढिले. लठ्ठपणावरील वैद्यकीय उपचार हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. शरीर पाहून माणसाच्या वागणुकीविषयी असा निवाडा करणे कितपत खरे ठरते, आणि तो निवाडा ज्याच्यावर केला जातो त्याचे काय होते, एवढाच येथे विचार केला आहे.

प्रश्नाचा आकार प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटात जगभर लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के, तर कमी वजनाच्या मुलांचे ९.२ टक्के झाले; म्हणजे लठ्ठपणाने प्रथमच कृशपणाला मागे टाकले. दक्षिण आशिया आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका हे प्रदेश त्याला अपवाद आहेत. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३.४ टक्के मुले अतिवजनाची आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २.१ टक्के होते. त्याच पाचव्या फेरीत वाढ खुंटलेली मुले ३५.५ टक्के होती. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयाची २४ टक्के मुले कृश आणि ५ टक्के अतिवजनाची निघाली. लठ्ठ मूल आपल्याकडे अजून अल्पसंख्य आहे. शंभरांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असली की ती चटकन नजरेत भरतात, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे वर्गात कोणी नसते.

सहा चित्रांचा प्रयोग

मुलांच्या मनात हा निवाडा किती लवकर रुजतो याचा सर्वांत परिचित पुरावा अमेरिकेतील आहे. १९६१ साली समाजशास्त्रज्ञ स्टीफन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा मुलांची चित्रे ठेवली. एका मुलाला कोणतेही व्यंग नव्हते. दुसऱ्याला कुबड्या होत्या, तिसरा चाकाच्या खुर्चीत होता, चौथ्याला हाताचा पंजा नव्हता, पाचव्याच्या चेहऱ्यावर विद्रूपता होती आणि सहावा लठ्ठ होता. यांतले कोणते मूल सर्वांत आवडते, मग कोणते, असा क्रम लावण्यास सांगितले गेले. निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुलांनी क्रम जवळजवळ एकसारखाच लावला, आणि त्यात लठ्ठ मूल शेवटी होते.

हाच प्रयोग चाळीस वर्षांनी जॅनेट लॅटनर आणि अल्बर्ट स्टंकार्ड यांनी पुन्हा केला व २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधल्या काळात अमेरिकेत लठ्ठ मुलांची संख्या कितीतरी वाढली होती. जे रोज दिसते त्याची सवय होते आणि तिरस्कार बोथट होतो, असा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात उलट घडले. निरोगी मूल आणि लठ्ठ मूल यांच्या पसंतीतील अंतर १९६१ च्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढले होते.

याचे स्पष्टीकरण कसे करावे? कुबड्या घेणाऱ्या मुलाकडे पाहताना पाहणाऱ्याच्या मनात 'त्याचा काय दोष?' हा विचार असतो. लठ्ठ मुलाकडे पाहताना तो नसतो. दोष त्याचाच, असे गृहीत धरलेले असते. वजन कमी करण्याचे सल्ले, आहाराच्या योजना, व्यायामाच्या जाहिराती जितक्या वाढत गेल्या तितके 'मनात आणले तर जमते' हे गृहीतक पक्के होत गेले. ज्याला ते जमत नाही तो मनातच आणत नाही, अशी उलटी समजूत त्यातून आपोआप तयार होते. हार्वर्ड विद्यापीठातील टेसा चार्ल्सवर्थ आणि महझरीन बानाजी यांनी २००७ ते २०१६ या काळातील ४४ लाख चाचण्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. (बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या.) वंश, त्वचेचा रंग, लैंगिक कल यांविषयीचे नकळत मनात वसलेले पूर्वग्रह त्या दशकात सौम्य होत गेल्याचे त्यांना दिसले. शरीराच्या वजनाबाबतचा नकळत पूर्वग्रह मात्र त्या काळात कमी झाला नाही, उलट वाढला.

भूक आणि इच्छाशक्ती

'मनात आणले तर जमते' हे विधान किती खरे आहे? याचे उत्तर देणारा एक वैद्यकीय प्रसंग येथे जरा विस्ताराने सांगणे उचित ठरेल. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 'लेप्टिन' या संप्रेरकाचा शोध लावला. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतच तयार होते आणि रक्तावाटे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जाऊन 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देते. साठा घटला की लेप्टिन घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा घेतो. मग भूक वाढते व शरीर काटकसरीने शक्ती खर्च करू लागते.

१९९७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली, सदफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी दोन चुलत भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. कुटुंब मूळचे पाकिस्तानचे. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा आणि वजन २९ किलो. जन्मतः दोघांचे वजन सर्वसाधारण होते. भूक मात्र कधी शमतच नव्हती. तपासणीत दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच असे आढळले, कारण ते बनविणाऱ्या जनुकातच बिघाड होता. पुढे या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू करण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार तिचे वजन तेव्हा ९४.४ किलो होते आणि बारा महिन्यांत ते १६.४ किलोंनी कमी झाले. तिच्या आईबापांत, शिस्तीत किंवा मनोनिग्रहात काही बदल झालेला नव्हता. रक्तात नसलेला एक निरोप आता मेंदूपर्यंत पोहोचू लागला होता, इतकेच.

याच केंब्रिज गटाने २०१० साली गुणसूत्र क्रमांक १६ चा एक तुकडा गळालेल्या अतिलठ्ठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काही मुलांची नावे तेथील समाजकल्याण विभागाने 'धोक्यातील बालके' म्हणून नोंदविलेली होती. आईबाप जाणूनबुजून अति खाऊ घालतात, म्हणजे मुलाचा एक प्रकारे छळच करतात, असे धरून चालण्यात आले होते. खरे कारण कळल्यावर ही नावे यादीतून काढण्यात आली. शेजाऱ्यांचा टोमणा आणि सरकारी विभागाची नोंद यांच्या मुळाशी एकच तर्क होता, आणि तो चुकीचा निघाला.

असे एका जनुकाचे विकार दुर्मिळ आहेत हे खरे. प्रत्येक लठ्ठ मुलाच्या रक्तात लेप्टिनचा अभाव असतो असे कोणी म्हणू नये. परंतु सर्वसामान्य लठ्ठपणातही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. १९८६ साली स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या शरीराची ठेवण जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरी ती वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्यांच्याशी जुळत नव्हती. जेन वॉर्डल यांनी २००८ साली ब्रिटनमधील आठ ते अकरा वर्षांच्या पाच हजारांवर जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. वजनातील फरकांपैकी सुमारे ७७ टक्के फरक आनुवंशिक असल्याचे त्यांना आढळले. मग गेल्या तीस-चाळीस वर्षांतच लठ्ठपणा का वाढला, जनुके तर बदलली नाहीत, असा आक्षेप योग्यच आहे. बदलले ते भोवताल: स्वस्त तेल-साखरेचे तयार पदार्थ, पाकीटबंद खाऊ, शिकवणीच्या वेळा, हरवलेली मैदाने, वय वाढले की मुलींचे बंद होणारे खेळणे. या भोवतालात ज्याची शरीरप्रकृती चरबी साठविण्याकडे झुकलेली असते तो लठ्ठ होतो, आणि शेजारी बसून तोच वडापाव खाणारा सडपातळ राहतो. दुसऱ्याचे ते पुण्य आणि पहिल्याचे ते पाप, असा हिशेब मग कसा मांडता येईल?

डोळ्यांना न दिसणारी चरबी

नजरेच्या निवाड्याचा दुसरा दोष भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, आणि तो पुण्यातील संशोधनातून पुढे आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याचे बाळ सर्वच मापांत लहान होते. स्नायू आणि पोटातील अवयव तर बरेच लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण चरबीने भरलेले असे हे बाळ होते.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दोघांपैकी कोणालाही रस्त्यावर कोणी लठ्ठ म्हटले नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली मुलांचे वाढीचे तक्ते सुधारले तेव्हा अतिवजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळवून घेतल्या, पाश्चात्त्य तक्त्यांतील २५ व ३० यांच्याशी नव्हे, त्यामागे हाच विचार होता.

याचा अर्थ असा की ज्या मुलाला वर्गात 'भोपळा' म्हणतात त्याचेच आरोग्य धोक्यात आहे असे नाही, आणि त्याला हसणारा काटकुळा मुलगा निर्धास्त आहे असेही नाही. वयात येण्यापूर्वी अनेक मुलांचे अंग भरते आणि उंची वाढली की ते सावरते. काही मुले दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टेरॉइड घेत असतात, काही फेफऱ्यावरील औषधे घेत असतात. या औषधांनी वजन वाढते. आपल्याला फेफरे येते हे वर्गात कळण्यापेक्षा 'खादाड' म्हणवून घेणे बरे, असे मानणारा विद्यार्थी असू शकतो.

लाज वाटली की वजन उतरते काय?

निवाडा अन्यायाचा असला तरी उपयोगाचा आहे, दोन शब्द लागले म्हणजे मूल सुधारेल, असा एक व्यावहारिक युक्तिवाद असतो. तो वाईट हेतूने केला जातो असे नाही; आया-मावश्या तो काळजीपोटीच करतात. परंतु पुरावा त्याच्या बाजूने नाही. मिनेसोटातील ४,७४६ किशोरवयीनांच्या अभ्यासात (२००३) सुमारे २९ टक्के मुलींनी आणि १६ टक्के मुलांनी वजनावरून घरच्यांनीच चिडविल्याचे सांगितले. ज्यांना चिडविले गेले त्यांच्यात खिन्नता आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळले, मग त्यांचे प्रत्यक्ष वजन कितीही असो. अमेरिकेतील प्रौढांच्या २०१३ च्या एका अभ्यासात, वजनावरून भेदभाव सोसलेल्या व्यक्ती पुढील चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. ज्याला धावताना पाहून मुले हसतात तो धावणे सोडतो. पोहण्याच्या तलावावर, स्नेहसंमेलनाच्या नाचात, खेळाच्या तासाला तो दिसेनासा होतो. दिवसभर चारचौघांत कमी खातो आणि रात्री एकटा असताना जास्त.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०११ साली लठ्ठ मुलांचे उदास चेहरे आणि खाली इशारेवजा मजकूर असे मोठमोठे फलक लावण्यात आले. पालकांना खडबडून जागे करणे हा हेतू होता. त्यावर मोठी टीका झाली. रेबेका पुल आणि सहकाऱ्यांनी अशा आरोग्यसंदेशांची नंतर लोकांकडून पारख करून घेतली (२०१३). लठ्ठपणाचा उल्लेखही न करता फळे-भाज्या, चालणे-खेळणे यांविषयी सांगणारे संदेश लोकांना अधिक पटले. दोष देणाऱ्या संदेशांनी वागणूक बदलण्याची इच्छा कमीच झाली.

शाळेतील वजनकाट्याचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेच्या आर्कन्सा राज्याने २००३ च्या कायद्याने मुलांचा शरीरभार निर्देशांक मोजून पालकांना कळविणे सुरू केले. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मापे घेतली जातात; पालकांना जाणाऱ्या त्या पत्रांना तेथील लोक उपहासाने 'फॅट लेटर' म्हणू लागले. या पद्धतीची काटेकोर परीक्षा कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत झाली आणि निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पालकांना कळविल्याने मुलांच्या निर्देशांकात काहीही फरक पडला नाही. शाळेत वजन घेतल्या गेलेल्या मुलांत मात्र स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी अधिक वाढली. मोजूच नये असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल, कारण वाढ खुंटलेले मूलही काट्यावरच सापडते. मोजमाप पडद्याआड व्हावे, आकडा वर्गात मोठ्याने वाचला जाऊ नये, आणि पालकांना कळविल्यावर पुढे कोणाकडे जायचे हेही सांगावे, एवढे तरी या अनुभवावरून ठरविता येते.

अध्यापकाचा निवाडा

अध्यापक चिडवत नाहीत. म्हणून ते या प्रश्नाबाहेर आहेत असे मानण्याची प्रवृत्ती असते. एरिका केनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेतील मुलांची पाचवी ते आठवी या काळातील नोंद त्यांनी तपासली. ज्या मुलांचे वजन या काळात बरेच वाढले त्यांच्या प्रमाणित परीक्षांतील गुणांत घट झाली नव्हती. पण त्यांच्या क्षमतेविषयी शिक्षकांनी दिलेले मत खाली आले होते. परीक्षा तीच, उत्तरे तीच, आणि शिक्षकाचा अंदाज बदललेला. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापन, शिफारसपत्र ही आपल्या महाविद्यालयांतील अंदाजाने गुण देण्याची ठिकाणे होत.

मुलींच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम असो की रिश्ता पाहायला आलेली मंडळी असोत, मुलीचे वजन हा विषय निघतोच, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी सकाळचा नाश्ता सोडून वर्गात येते. 'वजनदार' (२०१६) या मराठी चित्रपटात वजनाच्या धास्तीत जगणाऱ्या दोन स्त्रियांच्या निमित्ताने हा दबाव पडद्यावर आला. अशा मुलीला चक्कर आली की तिला आरोग्य-शिबिरात रक्तक्षयाची गोळी दिली जाते. तिने काय खाल्ले हे विचारले जातेच असे नाही.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली डॉक्टर आणि शाळा यांच्यासाठी जी सूचना केली ती भाषेविषयीची आहे. 'लठ्ठ मुलगा' म्हणण्याऐवजी 'लठ्ठपणा असलेला मुलगा' म्हणावे, म्हणजे आजार एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला राहतो. मराठीत हे जरा कृत्रिम वाटेल. पण 'आंधळा', 'लंगडा' यांची जागा 'दृष्टिहीन', 'अपंग' आणि पुढे 'दिव्यांग' या शब्दांनी घेतली तेव्हाही तसेच वाटले होते. वजनासंबंधी असा एकही शब्द अजून रूढ झालेला नाही. वजनाविषयी बोलणे आवश्यकच असेल तर ते एकट्याशी, दार लोटून, त्याची तयारी आहे का हे विचारून बोलावे. बसायला न पुरणारे बाक, न बसणारा गणवेश, एन. सी. सी. ची निवड अशा साध्या गोष्टींतून विद्यार्थ्याला न बोलता बरेच ऐकविले जाते, तेही पाहावे.

भोवतालाच्या बाजूने भारतात काही नियम झाले आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ आणि साखर यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकण्यास मनाई आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कोणत्या पेयात किती साखर आहे हे दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. महाविद्यालयांसाठी ५० मीटरचा असा नियम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली, आणि पुन्हा २०१८ साली, उपाहारगृहांतून जंक फूड हटविण्याविषयी परिपत्रके काढली होती. आपल्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात सकाळी साडेदहा वाजता दहा-पंधरा रुपयांत काय मिळते, हे अध्यापकांना एका फेरीत पाहता येईल.